दादाच्या शर्टाचा वास

चंद्रपूरला निघायच्या सकाळी मायनं मला विहिरीपाशी बोलावलं आणि बादली ओढता ओढता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्याचे शर्ट पान्यात टाकाच्या आधी वास घेत जाजो. काई असलं तं मले सांगजो, तुह्या बाबाले नको." मी मान डोलावली. कॉलेजात जायचा आनंद एवढा होता की त्या सकाळी मी कशालाही मान डोलावली असती. गावात सगळ्यांना सांगितलं होतं ते असं की सुजाता बीएला जाते, भावासोबत खोली करून राहील, त्याला दोन वेळचं गरम करून घालील म्हणजे त्याचा अभ्यासाचा वेळ वाचेल. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण मला कशासाठी पाठवतायत हे मलाही ठाऊक होतं आणि मिलिंददादालाही. एसटीत खिडकीपाशी बसल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते, "तुले पाठवलं ना?" मी म्हटलं, "शिकाले चालली." तो म्हणाला, "हाव, शीक," आणि तोंड बाहेर वळवलं.

बाबा जंगलखात्यात नाकेदार होते. चिमूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला, आडव्या बांबूचा नाका आणि त्यामागं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. संशय घेणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. बैलगाडी थांबली की ते आधी कडब्याच्या भाऱ्याकडे पाहत आणि मग गाडीवानाच्या तोंडाकडे. उन्हाळ्यात तर जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा, मान वर व्हायची, आणि हवेचा वास घेऊन झाला की मगच पुढचा घास तोंडात जायचा. वणवा लागायचा तो मोहफुलं वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाला पेटवल्यानं, नाहीतर कुणाच्या अर्धवट टाकलेल्या बिडीनं. त्यामुळे बिडीवरचा त्यांचा राग तब्येतीसाठी नव्हता, खात्यासाठी होता. आणि आजूबाजूला तर बिडीच्याच पानांचं रान. मे महिन्यात सारं गाव तेंदूच्या पानांचे पुडके बांधत खरेदीच्या फडावर बसायचं. बाबा म्हणत, "पान तोडाचं, इकाचं. पेयाचं नाई."

मी चंद्रपूरला निघाले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दादा बीएस्सीचं पहिलं वर्ष आटोपून घरी आला होता. दोन विषय राहिले होते, ते पुढच्या वेळी सुटतील असं तो सांगत होता. एका संध्याकाळी मायनं वांग्यात सुकी कोळंबी घालून वांगे-झिंगे केले होते, वरणाला लसणाची फोडणी दिली होती. सगळे बसल्यावर बाबा म्हणाले, "मिलिंद, हात दाखव गा." दादानं हात पुढं केला. बाबांनी तो कंदिलापाशी नेला, उलटा केला, दोन बोटांच्या मधला पिवळसर डाग अंगठ्यानं घासून पाहिला आणि हात परत दिला. "धुऊन ये," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटतं. बाबा रागावत नसत, पाहून ठेवत.

चंद्रपूरची खोली परकोटाच्या आतल्या एका गल्लीत होती. घरमालक कल्हईवाले चाचा. पुढच्या अंगणात त्यांची भट्टी, तिला चामड्याचा भाता. सकाळपासून भात्याचा दमेकऱ्यासारखा आवाज आणि तापल्या पातेल्यावर नवसागर टाकला की उठणारा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर. मागच्या बाजूला आमची पत्र्याची खोली. दुपारी कोळसाखाणीतला सुरुंग उडाला की पत्रा थरथरायचा आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे. मायनं दिलेलं काम किती अवघड आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. दादाच्या शर्टाला नवसागराचा वास, माझ्या ओढणीला नवसागराचा वास, रात्रीच्या भातालासुद्धा तोच. मी शर्टाची कॉलर, बाही, खिसा असं एकेक हुंगत बसायची आणि काहीच ठरवता यायचं नाही. खिशात मात्र लवंगा सापडायच्या. अभ्यास करणाऱ्या मुलाला लवंगा कशाला लागतात, हा विचार करत मी शर्ट पाण्यात बुडवायची.

एकदा संशय घ्यायला लागलं की मग सगळंच दिसायला लागतं. काडेपेटी चुलीपाशी ठेवलेली दाराशी सापडायची. गोधडीला वाटाण्याएवढं एक भोक दिसलं, कडेनं तपकिरी. दादा पुस्तक उघडून बसायचा, मी भाजी निवडून, चिरून, शिजवून मोकळी व्हायची, तरी समोर तेच पान, तीच आकृती. मला वाटायचं, तलफ आली असेल, म्हणून लक्ष नाही. चाचीला वेगळं वाटायचं. चाची जाड भिंगाचा चष्मा लावून दिवसभर दारात तांदूळ निवडत बसलेली असायची आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं तिला माहीत. ती मला जवळ बोलावून म्हणाली, "बेटा, तेरे भाई का कुछ तो है. कोई लडकी होगी. मेरी नजर में आता सब." आणि मुलगी असो की बिडी, आम्हा दोघींचाही पक्का संशय होता तो प्रभाकरवर. प्रभाकर हा दादाच्या वर्गातला, कोरपन्याकडचा, घरी कापसाची शेती, वसतिगृहात राहायचा. दारात सायकल टेकवून "मिलिंद आहे का?" असं विचारायचा आणि कारण नसताना हसायचा. त्याच्या वरच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा कोपरा उघड दिसायचा. तो दादाला सायकलवर घेऊन जायचा आणि दादा परत येताना लवंग चघळत यायचा. एवढं पुरेसं होतं.

एके दिवशी मी दोरीवरचा शर्ट नाकाशी धरलेला असताना दादा मागून आला. मी शर्ट खाली घेतला, पण उशीर झाला होता. त्यानं अंगातल्या शर्टाची बटणं काढली, शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा घे. गरम आहे अजून, बरोबर समजन." बनियनवरच तो खाटेवर जाऊन बसला. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. त्या शर्टाला बिडीचा वास होता, नवसागराच्या वरताण. मी तो धुतला आणि मायला काहीच कळवलं नाही.

थंडीत जंगलखात्याच्या एका खटल्यात साक्ष द्यायला बाबा चंद्रपूरच्या कोर्टात आले आणि न कळवता आमच्याकडे उतरले. खाकी गणवेश, खांद्याला घरच्या तांदळाची पिशवी, त्यात मायनं बांधून दिलेली जवसाची चटणी. पाणी प्यायल्यावर त्यांनी खोलीला एक चक्कर मारली, मग बाहेरून, भिंतीच्या कडेकडेनं. खिडकीखालच्या कचऱ्यातून त्यांनी एकेक थोटूक उचललं आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं. चोरून तोडलेल्या सागाच्या थुटाजवळ बसावं तसे ते त्या कागदापाशी उकिडवे बसले. "हे बिडी. हे सिगारेट. दोन मानसं आहेत," ते म्हणाले. "दुसरा कोन?" मीच म्हटलं, "प्रभाकर असन." बाबांनी दादाला विचारलं, "पाचवं शील पाठ आहे ना तुले?" घरी रोज संध्याकाळी वंदना व्हायची, मादक पदार्थापासून दूर राहण्याचं ते वचन आम्हाला लहानपणापासून पाठ. दादा खाली पाहत म्हणाला, "त्यात बिडीचं नाव नाई." बाबा म्हणाले, "मंग वकिलीच कर." हसावं की नाही ते मला कळलं नाही. त्यांनी दादाकडून शब्द घेतला, बिडी बंद आणि प्रभाकरही बंद. दादानं तो लगेच दिला. इतक्या लगेच की बाबा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

आणि वास खरंच गेला. शर्ट स्वच्छ, खिशात लवंगा नाहीत, प्रभाकर गल्लीत दिसेना. मायला मी तसा निरोप धाडला. पण मला काही चैन पडेना. दादा पूर्वीपेक्षा लवकर निघायचा, डबा न्यायचा, संध्याकाळी यायचा तेव्हा शर्टाची इस्त्री सकाळी होती तशीच असायची. दिवसभर बाकावर बसलेल्या माणसाची पाठ इतकी नीट कशी राहते? आम्ही एकाच कॉलेजात, पण माझे वर्ग सकाळी आणि इमारतही वेगळी, त्यामुळे तिथं तो कधी दिसायचा नाही. आता मागं वळून पाहताना वाटतं, तेव्हा त्याला एकदा सरळ विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं. पण आमच्या घरात सरळ विचारायची पद्धत नव्हती. आम्ही खुणा शोधणारी माणसं.

परीक्षा आली. त्याचा पहिला पेपर होता त्या सकाळी मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. तो माझ्या पाया पडल्यासारखं करून हसला, फार दिवसांनी हसला, आणि निघाला. मी थोडं थांबून मागोमाग निघाले. माझ्या डोक्यात एवढंच होतं की कॉलेजच्या फाटकापाशी प्रभाकर त्याला गाठणार, पेपरच्या आधी दोघं कुठंतरी आडोशाला जाणार आणि मी ते डोळ्यांनी पाहणार. फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली मी उभी राहिले. मुलं येत होती, कुणी डोळे मिटून पुटपुटत होतं. पानठेल्यामागं धुराचा ढग होता. जे कधी ओढताना दिसले नसते असे सरळ भांग पाडलेले मुलगेसुद्धा त्या ढगात शिरत होते आणि खोकत बाहेर येत होते. दादा दिसेना. घंटा व्हायला आली तेव्हा प्रभाकर एकटाच सायकल ढकलत आला. मला पाहून तो थांबला. या वेळी तो हसला नाही.

"मिलिंद कुठी आहे?" मी जोरातच विचारलं.

"घरी नाई का?"

"पेपरले निघाला तो."

प्रभाकर सायकलच्या हँडलकडे पाहत राहिला. "तुमाले माहीतच नाई का? त्यानं फारमच नाई भरला. हजेरी नोती. किती दिवसांपासून मी त्याले म्हनून राह्यलो, घरी सांग, घरी सांग. मले वाटलं, सांगतलं असन. म्हूनच तुमी लोकायनं माह्यं येनं बंद केलं, असं समजलो मी." घंटा झाली. तो दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "रामाळा तलावावर जाऊन पाय. रोज तिथीच असतो. लवकर जा, बाई."

त्या "लवकर"नं मी धावतच गेले. दादा पायऱ्यांवर बसला होता. सकाळचा इस्त्रीचा शर्ट घडी घालून पिशवीत ठेवलेला, अंगात जुना, विटका. हातात बिडी. मला पाहून त्यानं ती टाकली नाही.

"आली," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसले. दम खाऊन झाल्यावर म्हटलं, "पेपर आहे ना तुहा?"

"पेपर आहे. माह्यासाठी नाई." मग तो आपणहून बोलायला लागला, पाण्याकडे पाहत, कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसा. "चिमूरले सर पुस्तक इंग्रजी धरत, पन सांगत मराठीत. पाठ केलं का निभून जात होतं. इथी पयल्या दिवसापासून सारं इंग्रजीत. प्रॅक्टिकलले सर तोंडी विचारत. समजलं नाई तं तेच पुन्हा विचारत, जोरानं. मागचे हासत. माहे हात असे कापत का काचेची नळी धरता येत नोती. एकानं कॅन्टीनच्या मागं बिडी देल्ली. म्हने, छातीतलं धडधड कमी होते. झालं बी कमी. पयले तासाच्या आधी पेत होतो. मंग दोन तासांच्या मधात. मंग तासाच्या बदल्यात."

"प्रभाकरनं देल्ली?"

"प्रभाकरले तं मी देल्ली. त्याचा बी तसाच हात कापत होता."

मग तो म्हणाला, "बाबांनं हात पायला. खिडकीखालचे थोटकं पायले. तू शर्ट पायले. पुस्तक कोनी नाई पायलं."

"रोज इथीच बसतो का?"

"बसतो. पानी पायतो. एक संपली का दुसरी लावतो. बंडल संपलं का उठतो, शर्ट बदलतो, घरी येतो." पाण्याकडे पाहतच तो म्हणाला, "बंडल नसतं तं काय केलं असतं, मले नाई सांगता येत."

तलावात शेवाळ होतं आणि कडेला कुणी म्हशी धूत होतं. मी त्याच्या शर्टाची बाही धरली ती सोडलीच नाही. खोलीवर येईपर्यंत, भर गल्लीतून, चाचीच्या समोरून, मी बाही धरूनच त्याला आणलं. चाचीनं चष्म्यावरून पाहिलं. थोड्या वेळानं दोन ताटल्यांत खिचडी आणि लोणचं आणून ठेवलं आणि दादाला म्हणाली, "खा ले. बाद में सोच." त्या बाईविषयी माझ्या मनात जी काही अढी होती ती त्या खिचडीबरोबर संपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो. बाबा वणव्यावर होते. घरी आले तेव्हा डोळे लाल, भुवया करपलेल्या, हातापायांवर राख. दादानं त्यांना आंघोळसुद्धा करू दिली नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं. अजून काय आहे?"

"अजून काई नाई."

पण बाबांना ते खरं वाटेना. समजत नाही एवढ्यासाठी कुणी कॉलेज सोडेल, बारावीत गावात पहिला आलेला मुलगा दिवसभर तलावावर बसून राहील, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. सारा उन्हाळा ते तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिले. बैलाला पाणी पाजताना विचारायचे, "पोरगी कोन?" आठवड्यानं विचारायचे, "कोनाशी मारामारी केली का?" त्या काळात गडचिरोलीच्या जंगलात बंदूकवाले फिरू लागले होते. एकदा दार लावून घेऊन त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आतल्या लोकायशी काई संबंध तं नाई आला?" दादा प्रत्येक वेळी "नाई" म्हणायचा आणि त्याचा आवाज दर वेळी थोडा बारीक व्हायचा. माय त्याला एकटं सोडत नव्हती. तो बिडी प्यायला मोहाखाली जायचा तेव्हा ती लांबून झाडूचा आवाज करत राहायची.

कॉलेज उघडलं तेव्हा मला पोचवायचं निमित्त करून बाबा चंद्रपूरला आले. खोलीवर पिशवी टाकली आणि म्हणाले, "त्याचा वर्ग दाखव." मी त्यांना विज्ञानाच्या इमारतीत नेलं. भौतिकशास्त्राचा तास सुरू होता. बाबा व्हरांड्यात, खिडकीपासून हातभर अंतरावर, टोपी काढून उभे राहिले. शिपाई आला, "कोन पायजे?" म्हणाला. बाबा म्हणाले, "चौकशी आहे." गणवेश पाहून शिपाई मागं सरला. सर फळ्यावर लिहीत होते, बोलत होते. मी मराठीतून बीए करणारी, मलाही काही समजत नव्हतं. मी बाबांकडे पाहत होते. सुरुवातीला ते जंगलात कान लावतात तसे मान एका बाजूला करून ऐकत होते. मग मान सरळ झाली. मग ते आत बसलेल्या मुलांची तोंडं एकेक करून पाहू लागले. पूर्ण तास ते तसेच उभे होते.

तास सुटल्यावर प्रभाकर बाहेर आला आणि बाबांना पाहून भिंतीला चिकटला. बाबा त्याला कॅन्टीनला घेऊन गेले, चहा सांगितला. "तुले समजते का हे?" त्यांनी विचारलं.

"अर्धं समजते, काका. बाकीचं पाठ करतो."

"आन बिडी?"

प्रभाकरनं माझ्याकडे पाहिलं. "पेतो."

"तुह्यासारखे अजून किती आहेत?"

"गावच्या शाळेतून आलेले पुष्कळ. परीक्षा आली का जास्तच. कोनी सोडते मंग, कोनाची सुटत नाई."

बाबांनी चहा संपवला. उठताना त्यांनी प्रभाकरच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुले बंद केलं होतं घरी," ते म्हणाले. "येत जा." मी पुढं कितीतरी वर्षं गडचिरोलीला मराठी शिकवलं, शिक्षकांच्या खोलीत मुलांच्या व्यसनांवर खूप बोललेलं ऐकलं, पण वर्गाच्या बाहेर तासभर उभा राहिलेला दुसरा माणूस मला भेटला नाही.

ते मला सोडून एकटेच परत जाणार होते, पण मी हट्टानं त्यांच्याबरोबर घरी गेले. त्या रात्री जेवायला तरोट्याची भाजी होती. बाबांनी पहिला घास घ्यायच्या आधीच दादाला सांगितलं, "मोक्यावर जाऊन आलो." मोका म्हणजे त्यांच्या खात्यात गुन्हा घडला ती जागा. "पुरा एक तास उभा होतो. मले एक शब्द नाई समजला गा. पाय दुखून आले, निघून जावंसं वाटलं. तू त्याच्यात वर्षभर कसा बसला?"

दादाचा भातातला हात तसाच राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "चष्मेवाले सर होते?" बाबा म्हणाले, "हाव." "ते फळ्याकडे तोंड करून बोलत होते?" "हाव, तसेच." आणि मग दादा बोलायला लागला, त्या सरांविषयी, काचेच्या नळीविषयी, मागून हसणाऱ्यांविषयी, आणि बाबा मध्ये मध्ये फक्त "मंग?" म्हणत राहिले. तो विचारण्याचा "मंग" नव्हता, ऐकण्याचा होता. वरण थंड झालं तेव्हा मायनं ते उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं.

दादा पुढं आयटीआयला गेला, वायरमन झाला, खांबावर चढायला लागला. तिथं सारं मराठीत शिकवत आणि हात कापायचं काही कारण नव्हतं. बिडी मात्र लगेच सुटली नाही. ती त्याच्याबरोबर आणखी बरीच वर्षं राहिली, लग्नानंतरही, पहिली मुलगी झाल्यावरही. फक्त आता तो लपत नसे. सुट्टीला घरी आला की जेवणानंतर अंगणात बसून पेटवायचा. बाबा वारा कुठून आहे ते पाहून आपली खाट थोडी बाजूला ओढायचे आणि चाललेली गोष्ट पुढं सांगायला लागायचे.